पहिल्या बेसवर दीड मिनिट

ड्रायरमध्ये कसलंसं बटण टक्कन वाजलं आणि मी पेन ठेवून पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं नाही. तासभर खांद्यावर झुलवून झोपवलं होतं; आता हाताशी अर्धा तास होता, फार तर चाळीस मिनिटं. मी पुन्हा पाटीचा मजकूर पुढे ओढला.

पाटी शनिवारी गावाच्या वेशीवर लागणार होती, बँडबाजासकट. मजकूर माझ्याकडे आला, कारण अक्षर माझं चांगलं आणि नवराही माझाच. डोब्रीत माणसं सहाशे बारा, पण बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळून आलेला एकटा डेल ह्रुष्का. खेळून आला म्हणजे जाऊन आला.

चार वर्षं तो छोट्या लीगच्या बसमधून हिंडला. फटक्यांची सरासरी हजारात दोनशे एकतीस, म्हणजे आई-बापांनी सांभाळून सांगावी अशी. मग एका जुलैमध्ये वरच्या संघातल्या कुणाच्या बायकोला अवेळी कळा सुरू झाल्या आणि तीन दिवसांसाठी डेलला बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी, आठव्या डावात, त्याला बॅट देऊन पाठवलं. पहिलाच चेंडू अंगावर आला. अंपायरनं पहिल्या बेसकडे हात केला; चेंडू अंगाला लागला की तो बेस फुकटात मिळतो. डेल चालत गेला, तिथं दीड मिनिट उभा राहिला, मग त्याच्या जागी पळायला कुणी चपळ पोरगा आला. तिकडे बाळ झालं, बाप परतला, डेल पुन्हा बसमध्ये. पुढच्या वर्षी खांदा निखळला. आता तो शेतावरच्या गॅसच्या टाक्या भरत फिरतो.

एवढ्या भांडवलावर माझे सासरे अर्व्हिन नऊ वर्षं छाती काढून चालताहेत. चेंडू अंगाला लागला की ती खेळी हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे डेलच्या सरासरीच्या रकान्यात आकडाच नाही, नुसती रेघ. पण बेसवर पोचण्याच्या रकान्यात एकातून एक, म्हणजे हजारपैकी हजार. जगात याच्यावर कुणी नाही. गणितच तसं आहे.

मंगळवारी व्हेल्माबाईंच्या बेकरीत पाटीची कमिटी बसली, तेव्हा भांडण त्या रेघेवरूनच झालं.

"रेघ बरी नाही दिसत," व्हेल्माबाई म्हणाल्या. "लोकांना वाटेल पेंटर विसरला. शून्य घालू या का? छान गोल असतं."

सासऱ्यांनी खसखशीचं सारण भरलेला गोड पाव, कोलाचे, बशीत आपटला. "शून्य तुझ्या जावयाला घाल! शून्य म्हणजे मारायला गेला नि चुकला. माझा पोरगा चुकला नाही."

"मारलं तरी कुठं?"

"म्हणूनच रेघ! आणि खाली मोठ्या अक्षरात लिहायचं: चोळलं नाही."

यावर मात्र एकमत झालं. आमच्याकडे चेंडू लागलेल्या माणसाला बाकी काहीही माफ असतं, पण लागलेली जागा चोळणं नाही. बरगडी मोडू दे, दात पडू दे, हात तिकडे नेलास की संपलास. ताशी नव्वद मैलांचा चेंडू खाऊन डेल असा चालत गेला होता, जसा टपाल आणायला निघालाय. त्यानंतर डोब्रीत कुठल्याच पोरांनी आपले गुडघे चोळले नाहीत.

मी 'चोळलं नाही' असं ठळक लिहून बघत होते, तेवढ्यात डेल जेवायला घरी आला. बूट दारात काढून, चवड्यांवर चालत, आधी बाळाचं डोकं हुंगून आला. मग माझ्या खांद्यावरून वाचायला लागला.

"हे काढ ना."

"पप्पा मला गावातून काढतील."

तो खुर्चीत बसला. त्याचे हात टेबलावर ठेवले की ते नेहमी दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात, इतके मोठे. "कोरीन, लागला नव्हता गं."

"काय लागला नव्हता?"

"चेंडू. बॅटच्या बुडाला टेकून गेला. टक् झालं. अंपायरला वाटलं मनगट. त्यानं हात केला, मी निघालो."

मला आधी हसूच आलं. हसणं दाबायला मी डायपरच्या घडीत तोंड खुपसलं. नऊ वर्षं अख्खं गाव ज्याच्या सोसण्याचे गोडवे गातंय, त्याला चोळण्यासारखं काही झालंच नव्हतं! मग त्याचं तोंड पाहिलं आणि हसू गेलं.

"म्हणजे तो फाउल होता, तीन संधींतली एकच गेलेली," तो म्हणाला. "अजून दोन चेंडू तरी मिळाले असते मला. मी सांगितलं असतं तर."

"मग का नाही सांगितलंस?"

"पहिला दिसलाच नव्हता मला. वाटलं, पुढचेही नाही दिसले तर?" तो पाटीच्या कागदाकडे बघत राहिला. "पप्पांना सांगायला हवं, शनिवारच्या आत. पण त्यांच्याकडे दुसरं आहे काय?"

मी काही बोलायच्या आत बाहेर ट्रक थांबला. सासरे आमच्या सात वर्षांच्या टेसाला सरावाहून घेऊन आले होते. दार उघडता उघडताच ओरडले, "लागला! पोरीला लागला!" जणू लेकीला मागणी आली.

"हळू, पप्पा, बाळ—"

"दणका बसला कोपरावर! आणि काय सांगू, चोळलं नाही! रक्त आहे रक्त!"

टेसाचं कोपर लिंबाएवढं सुजलं होतं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले, हात मात्र सैनिकासारखे खाली ताठ. डेल उठला. फ्रीजरमधून मटारची पिशवी काढून त्यानं तिच्या कोपराला लावली आणि तिचा दुसरा हात उचलून त्यावर ठेवला.

"चोळ, बाळा."

"तुम्ही नव्हतं चोळलं."

"मला लागला नव्हता, टेसा. चेंडू बॅटला लागला होता."

सासरे हसले. "काय फेकतोयस पोरीला!" मग डेल हसत नाही हे पाहून थांबले. अशा वेळी माणसं छाती धरतात, शिव्या देतात. आमचे सासरे आकडेमोड करायला लागले. ओठ हलत होते.

"बॅटला. म्हणजे फाउल." त्यांनी टोपी काढली. "म्हणजे दोन राहिले होते तुझे."

"हो, पप्पा."

"दोन राहिले होते, आणि तू चालत निघालास?"

"भ्यायलो होतो."

सासऱ्यांनी टेबलावरचं माझं पेन उचललं. 'चोळलं नाही' खोडलं, मग हजारपैकी हजार खोडलं. रेघेपाशी मात्र हात अडला. ती खोडायची तर दुसरी रेघच मारावी लागणार होती. मग ते खुर्चीत बसले, डेलला चिकटून, आणि कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "पिचर कसा होता रे? खरंच दिसत नव्हता चेंडू?"

"पांढरा धूर, पप्पा."

"सांगायचंस ना रे, वेड्या."

बाळ जागं झालं. मी त्याला उचलून घेतलं. टेसा मटार कोपराला धरून माझ्याजवळ आली, कागदावरच्या खाडाखोडीकडे बोट केलं आणि आजोबांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण चांगलं मोठ्यानं विचारलं,

"मम्मी, मग डॅडी आऊट की नॉट आऊट?"