बूचणाचा स्वर्ग

जक्कव्वेनं दुधाचा तांब्या तसाच जमिनीवर टेकवला आणि वीरगळीवरचं ओलं फडकं हातानं ओढून काढलं. मघापासून वाजणारा डफ थांबला. तळ्याच्या बांधावर सगळं गाव जमलं होतं. लढाईत पडलेल्या वीराच्या बहिणीनं त्याच्या नावाच्या दगडावर दूध घालायचं आणि मग गूळ-खोबरं वाटायचं, एवढंच राहिलं होतं.

दगड घडवला होता झकास. खालच्या पटात तिचा भाऊ बूचण भाला घेऊन देवगिरीच्या सेऊणांच्या घोडेस्वारांवर तुटून पडला होता, त्याच्या पाठीशी गावची गुरं. मधल्या पटात दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेत होत्या. आणि सगळ्यात वर, वीर जिथं पोचतो तिथं, हात जोडून बसलेल्या बूचणापुढे शंकराची पिंड होती.

"माझ्या भावाला कुठं नेऊन बसवलंत हे?"

गावचा मुख्य केतगौडा हसत पुढे आला. "कैलासात, अक्का. काय वाईट जागा आहे का ती?"

दोन-चार बायका पदराआड हसल्या.

"तुमच्यासाठी चांगलीच असंल. माझा भाऊ जन्मभर जिनापुढं बसला. दिवस बुडाल्यावर त्यानं कधी घास घेतला नाही, गाळल्याशिवाय पाणी प्यायला नाही. जिवंतपणी तुमच्या देवळाची पायरी चढला नाही, आणि मेल्यावर तुम्ही त्याला उचलून आत नेलात?"

"पाणी गाळून प्यायचा, पण भाला काही गाळून मारत नव्हता," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"नव्हता मारत!" जक्कव्वे गर्रकन वळली. "म्हणून तर तुझ्या म्हशी आज तुझ्या गोठ्यात आहेत. नाहीतर देवगिरीच्या बाजारात शोधत फिरला असतास."

पुटपुटणारा गर्दीत मागं सरकला. केतगौडानं डोक्यावरचं पागोटं नीट केलं.

"अक्का, मुद्दाम कुणी केलं नाही गं. या बांधावर जेवढे दगड आहेत, सगळ्यांवर पिंडच आहे. मादोज शिल्पी आपला हाताच्या सवयीनं कोरत गेला. कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

हेच तर तिला झोंबलं. वैरानं केलं असतं तर निदान बूचण जैन आहे एवढं तरी कुणीतरी आठवलं असतं. होयसळांच्या राज्यात सगळ्या देवांना जागा, असं भाट उठता-बसता गात. राजा विष्णूचा भक्त, त्याचे कितीतरी दंडनायक जिनाचे, आणि राजधानी दोरसमुद्रात शंकराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बसदी, जिनाचं देऊळ. इथंही बसदीच्या दिव्याला तेल शिवभक्त तेल्याच्या घाण्यावरून यायचं. गावात जैनाचं घर एकच. त्या घराला कुणी कधी वावगा शब्द बोललं नव्हतं, आणि काही विचारलंही नव्हतं.

"माझ्या हातचं दूध या दगडावर पडणार नाही," ती म्हणाली. "दुसरा दगड घडवा. नाही घडवला तर मी दोरसमुद्राला जाऊन दंडनायकाच्या दारात बसते. गुरं राखायला आमचा माणूस चालतो आणि स्वर्ग तेवढा तुमचा, हे त्यांनाही कळू दे."

दंडनायकाचं नाव निघताच केतगौडाचं हसू मावळलं. शिवाय तो माणूस वाईट नव्हता. त्यानं खाली वाकून दुधाचा तांब्या उचलला आणि तिच्या हातात परत दिला.

"चुकलं आमचं," तो म्हणाला. "बूचणाला त्याच्या देवापुढं बसवतो. पुन्हा असं होणार नाही. माझा शब्द."

पुढच्या पंधरवड्यात सेऊणांची फौज पुन्हा कृष्णा उतरून आल्याची बातमी आली आणि गावात दवंडी फिरली. घरटी एक माणूस, हत्यारासह. जक्कव्वेच्या घरात आता एकच पुरुष उरला होता, तिचा मुलगा पारिसण्ण. मिसरूड नुकतंच फुटलेलं, आणि मामाचा भाला अजून हातात नीट बसत नव्हता. अंगणात भाल्याची फेक चालायची आणि भाला शेणाच्या ढिगात जाऊन रुतायचा. ती चुलीपाशी बसून ऐकायची. तो निघण्याआधी मामाच्या नव्या दगडावर त्याच्या हातून दूध पडावं, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

म्हणून ती दगड तयार झाला का ते बघायला मादोजच्या वाड्यात गेली. पारिसण्ण बैलगाडीपाशी बाहेरच थांबला.

आत भिंतीला ओळीनं वीरगळी टेकवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर पिंड, पिंडीखाली अप्सरा, आणि खालचा पट गुळगुळीत, कोरा.

"हे कुणाचे रे?"

"कुणाचेच नाहीत अजून," मादोज छिन्नी झटकत म्हणाला. "लढाई संपली की सगळे एकदम येतात, अक्का. तेव्हा हात पुरत नाहीत. म्हणून स्वर्ग आधीच करून ठेवतो. लढाई तेवढी मागाहून कोरायची."

जक्कव्वेनं त्या कोऱ्या पटांवरून नजर काढली. तेवढ्यात तिला कोपऱ्यात बूचणाचा दगड दिसला. सगळ्यात वर पद्मासनात शांत बसलेले जिनदेव, वर तीन छत्रं, आणि समोर हात जोडलेला तिचा भाऊ. नाकसुद्धा थेट त्याचंच, जरा बाकदार. तिनं त्या नाकावरून बोट फिरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं.

"आवडलं ना?" मादोज खूश झाला. "आणि तो बघ, त्याच्या शेजारचा."

शेजारी अगदी तसाच दगड होता. वर जिनदेव, तीन छत्रं, खाली अप्सरा. त्याखालचा पट कोरा.

"दोन कशाला?"

"गौडांनी सांगितलं. म्हणाले, मागच्या खेपेला चुकलं, अक्काच्या जिवाला फार लागलं. आता त्या घराचा एक आधीच करून ठेव, म्हणजे पुन्हा चूक नको." मादोजनं कोऱ्या पटावरची धूळ प्रेमानं फुंकली. "भला माणूस आहे गौडा. बरं झालं आलीस, मला विचारायचंच होतं. पोरगा काय चालवतो? भाला की धनुष्य?"

बाहेर पारिसण्ण बैलांशी काहीतरी बोलत होता. जक्कव्वेनं डोळे पुसले.

"नांगर," ती म्हणाली. "नांगर चालवतो माझा पोरगा. कोर, येत असंल तर."