झोपेतली मेंढरं

खण्ण!

दुपारच्या चिडीचूप घरात जर्मनची ताटली वाजली आणि झोळीतलं बाळ दचकलं. आत्ता कुठं त्याचा डोळा लागला होता. सोजरनं झोळीला हलका झोका दिला आणि खाली वाकून पाहिलं.

झोळीखाली कबऱ्या आडवा पसरला होता. डोळे मिटलेले, पण चारी पाय पळत होते. त्यातलाच एक ताटलीला बसला होता. मिशा थरथरत होत्या, ओठाच्या कोपऱ्यात फेस, अन् घशातून बारीक 'व्हुक्, व्हुक्'.

"आगं बया!" जोंधळं पाखडणारी सासू, बजाबाई, सूप टाकून उठली. "पिसाळलं गं कुत्रं! फेस बग! आन् वर नातू टांगलाय की!"

"आत्ती, झोपलंय त्ये."

"झोपल्यालं पळतंय व्हय कुनी?"

बजाबाईचं तरी काय चुकलं? मागच्या आठवड्यात वरच्या आळीला एक कुत्रं पिसाळून शेळ्यांना चावलं होतं. तेव्हापासून गाव ताकसुद्धा फुंकून पीत होतं. तिनं भिंतीवरनं हाळी दिली तसा शेजारचा सिद्धलिंगप्पा काठी घेऊन आला. मागं त्याची बायको सुंदरम्मा, गालात पान.

"सोजरव्वा, लेकरू घेऊन भाईर हो. एका टोल्यात काम करतो."

घरधनी होटगीला रुळावर कामाला गेलेला. सोजरनं बाळ काढून सासूच्या हातात दिलं, उंबऱ्यावर चिखलाच्या भाकरी थापणाऱ्या थोरल्या ठकूला डोळ्यानंच तिथं थांबवलं, आणि स्वतः फतकल मारून कुत्र्याजवळ बसली.

कबऱ्या तिच्या बापाचा. माढ्याकडं रावजी धनगराचा मेंढरांचा मोठा कळप होता. बहात्तरच्या दुष्काळात तो सगळा मोहोळच्या बाजारात विकला. कुत्रं मात्र विकवलं नाही. लेकीच्या दारात आणून म्हणाला, "ह्येला आता काम न्हाई. नुस्तं असू दे तुज्यापाशी."

"सिद्धलिंगप्पा, थांबा की वाईच. राखण करतंय त्ये."

"कशाची? हितं कोंबडं बी न्हाय."

"मेंढरांची. कळप फुटलाय, वळवाया लागलंय."

"सपनात? कुत्र्याला कुटलं आलंय सपान!"

सुंदरम्मानं पानाची पिंक अंगणात टाकली. "तुमाला येतंय की! हिरीवर मोटार बसली, बैलं गेली, तरी झोपंत मोट हाकताय. परवा अशी लाथ घातली, मी खाटंवरनं खाली! मी घितली का काठी?"

बजाबाईला हसू फुटलं, कडेवरचं बाळ गदागदा हललं. सिद्धलिंगप्पाचे कान तांबडे झाले, पण काठी काही खाली येईना. "माजं सोड गं. लेकराच्या घरात खेळ न्हाय."

ते मात्र खरं होतं. आपण चुकलो असलो तर? तरी ती वाकली. दिस बुडताना वाघरीची जाळी उघडून मेंढरं आत घेताना बाप घालायचा, तीच साद तिनं कबऱ्याच्या कानाशी घातली.

"हिर्र्र... याऽ याऽ... आली गं माजीऽ, आली..."

पाय हळू झाले. 'व्हुक्' थांबलं. कबऱ्यानं लांब उसासा टाकला, शेपटी भुईवर दोनदा आपटली, आणि डोळा उघडला. भोवती एवढी माणसं बघून तो वरमलाच. सोजरनं पुढं केलेलं पाणी मात्र लपालपा प्यायला.

"पानी पितंय गं!" बजाबाई म्हणाली. "पिसाळल्यालं पान्याला भितंय."

सिद्धलिंगप्पानं काठी टेकली, जणू गुडघे दुखतात म्हणूनच आणली होती. "मी म्हनतच हुतो."

"व्हय, म्हनत हुता की. एका टोल्यात!" सुंदरम्मा त्याला पुढं घालून घेऊन गेली.

सोजरनं बाळ पुन्हा झोळीत घातलं. कबऱ्या दारात गेला, गल्लीत इकडं बघितलं, तिकडं बघितलं, वारा हुंगला आणि परत येऊन झोळीखाली बसला. पण त्याचा डोळा दारावरच.

ठकू चिखलाचे हात घेऊन आत आली.

"आये, आज्याची मेंढरं कबऱ्याच्या झोपंत हायती?"

"व्हय की."

ठकूनं दाराकडं बघितलं, मग कुत्र्याकडं.

"मग तू त्येला उठीवलंस तवा समदी आत आली हुती, का कुनी भाईरच ऱ्हायलं?"