छताकडे वळवलेला आरसा

मी आरसा बोलतोय. न्हाव्याच्या दुकानातला नव्हे, आणि रुखवतात मांडतात तो तर नव्हेच. मी मोटारीतला. पुढच्या काचेवर, मधोमध टांगलेला, जेमतेम वीतभर लांबीचा.

सगळी गाडी पुढे तोंड करून पळते, मी एकटाच उलटा. दिवे पुढचं बघतात, भोंगा पुढच्यांवर ओरडतो, माणसंही पुढेच डोळे लावून बसतात. माझ्या वाट्याला येतं ते मागे सुटलेलं. शेगावचा रस्ता मी किती वेळा केला असेन, पण शेगाव मला कायम लांब जातानाच दिसलं. अशा नोकरीत सोबती मिळत नाहीत. ड्रायव्हर क्षणभर डोळे वर करतो, आपलं काम झालं की काढून घेतो. त्या क्षणभरावर मी जगत आलो.

एका कारखान्यात काचेच्या पाठीवर चांदीसारखा मुलामा चढवला, त्यावर काळा रंग फासला, आणि मी बघू लागलो. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षी मी एका काळ्या मोटारीबरोबर खामगावला आलो. मालक नारायणराव. त्यांची तेलाची मिल होती, बायको कधीच वारलेली, आणि दयाराम हा एकुलता एक मुलगा. मोटारीचा हट्ट त्याचाच. नारायणरावांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि मागच्या सीटवर अगदी कडेला बसले, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून. टेकून बसणं त्यांना कधी जमलं नाही.

मागे बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला कोणी बघत नाही. व्यापारी सौदा ठरवून हात मिळवतात आणि मागे बसल्यावर जे तोंड करतात ते मी पाहिलं आहे. लग्नाला निघालेल्या बायका नवऱ्याच्या पाठीला काय काय वेडावतात तेही. चहाड्या करायला मला तोंड नाही, हे त्या सगळ्यांचं नशीब.

दयारामची बायको सत्यभामा सोनाळ्याची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, आणि कुतूहल फार. नवऱ्याच्या शेजारी बसून ती त्याच्या पायांकडे बघत राही. शेवटी एकदा त्यानं गाडी जिनिंग कारखान्याच्या पटांगणात नेली. हंगाम संपलेला, कापसाच्या गाड्या नाहीत, चिटपाखरू नाही. त्यानं तिला सुकाणूमागे बसवलं, तर पाय क्लचपर्यंत पोचेनात. पुढची सीट आडवी, अखंड. तिच्यासाठी ती पुढे ओढली तसे शेजारी बसलेल्या उंच दयारामचे गुडघे समोरच्या फळीला टेकले. बायकोला शिकवायचं तर नवऱ्यानं आधी अवघडून बसायचं, असा तो प्रकार. तिच्या पाठीमागे त्यानं घरच्या कापसाची उशी सरकवली आणि ब्रेक तळापर्यंत दाबून दाखवायला लावला.

“पह्यले नीट बस,” तो म्हणाला. “बसता आलं म्हंजे अर्धी गाडी आली.”

मग त्यानं डावा पाय क्लचला, उजवा ब्रेकला आणि तोच ॲक्सिलेटरला, असं समजावलं. दोन्ही पाय एकदम ब्रेकवर टाकायचे नाहीत, हेही बजावलं. सुकाणूखालच्या दांड्यानं गिअर कसा पडतो ते तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. आणि गाडी सुरू करायच्या आधी मला नीट करायला सांगितलं. तिनं मला आपल्याकडे वळवलं आणि कुंकू ठीक आहे का ते बघितलं. दयाराम इतका हसला की त्याचे गुडघे फळीवर आपटले. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं लाडाचं बघणं. ती दोन पावसाळ्यांत चांगली तयार झाली. नारायणराव कधी हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. सून गाडी चालवताना दिसली की ते मिलच्या धुराड्याकडे बघत.

मग एका श्रावणात दयारामला ताप चढला. डॉक्टर आठवडाभर येत होते, नंतर यायची गरज राहिली नाही.

गाडीवर कापड घातलं गेलं. आमची शेड ओसरीला लागून होती, त्यामुळे अंधारातही घर ऐकू यायचं. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे पदर ओढून असते, समोर येत नाही, थेट बोलत नाही. पूर्वी दयाराम मधे होता म्हणून ते कोणाला जाणवलं नाही. आता मधे फक्त सुभद्राबाई, स्वयंपाकाला येणारी म्हातारी. सासरे तिला म्हणत, “सूनबाई जेवली का, विचार.” सून तिला म्हणे, “मामाजीले सांगा, औषध घ्या म्हनावं.” एकाच माणसासाठी दोघं रडत होती, एक ओसरीवर आणि एक चुलीपाशी, आणि मधली भिंत दोघांपैकी कोणालाच ओलांडता येत नव्हती. मला त्या दोघांची फार कीव आली. खरं सांगायचं तर माझीही आली, कारण कापडाखाली मला कोणीच बघत नव्हतं.

वर्ष उलटलं आणि वरवट बकालहून निरोप आला की केसरबाई, म्हणजे नारायणरावांची बहीण, अत्यवस्थ आहे. एसटी निघून गेली होती. नारायणराव ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात सुभद्राबाई बाहेर येऊन म्हणाली, “सूनबाई म्हंते, मी नेतो.” नारायणरावांच्या येरझाऱ्या थांबल्या. मग त्यांनी टोपी घातली आणि मागच्या सीटवर कडेला जाऊन बसले.

सत्यभामा आली. सीट पुढे ओढली, पाठीमागे उशी ठेवली, सगळं शिकवल्याप्रमाणे. मग हात माझ्याकडे आला. मी आनंदलो. पण माझ्यात तिला कपाळावर पदर ओढलेली ती स्वतः दिसली नाही, सासऱ्यांचा चेहरा दिसला. सासऱ्यांना पाठ करून बसणं एक वेळ नाइलाजाचं, पण त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं कसं? तिनं मला झटकन वर ढकललं, पार छताकडे. आणि गाडी सुरू केली.

केसरबाई वेळेवर दवाखान्यात पोचल्या आणि वाचल्या. सगळ्यांनी सुनेचं कौतुक केलं. गाडी चालवते, पण रीत सोडत नाही, असं गावभर झालं. त्या कौतुकात माझा बळी गेला हे कोणाच्या गावीही नव्हतं.

त्यानंतर ती सासऱ्यांना मिलच्या कामासाठी नेऊ लागली आणि मी छत बघू लागलो. करड्या रंगाचं कापड आणि त्यावर तेलाचा एक डाग. गाडीत सुभद्राबाई नसे, म्हणून दोघंही कोणालाच उद्देशून बोलत. “बैलं येऊन राह्यले समोरून,” असं नारायणराव हवेला सांगत. “काच वर करा म्हनावं, धूळ येते,” असं ती हवेला सांगे. सुरुवातीला मला वाटलं, माझ्याशीच बोलताहेत. फार बरं वाटलं होतं. नंतर कळलं.

मागून कधीकधी नाक ओढल्याचा आवाज येई. दयारामनं जिथं गाडी शिकवली त्या जिनिंगवरून जाताना हमखास. तो आवाज तिला ऐकू येई. मग ती ॲक्सिलेटर थोडा जास्त दाबे, इंजिनाच्या आवाजात ते बुडावं म्हणून. तिचे खांदे हलले की नारायणराव मोठ्यानं खोकत. एवढंच एकमेकांसाठी करता येत होतं.

आणि मग केसरबाई बऱ्या होऊन माहेरी आल्या. ज्या सुनेनं जीव वाचवला तिचीच त्यांनी सोय लावायला घेतली. करायला गेली भलं आणि पदरात पडलं हे. “तरणी बाई, घरात दुसरं बाईमानूस नाई,” त्या ओसरीवर सांगत होत्या. “लोकांचं तोंड धरता येत नाई, दादा. सोनाळ्याले तिच्या भावाकडे धाडून दे.” नारायणराव गप्प राहिले. आत सत्यभामा गप्प राहिली. सून गप्प आहे म्हणजे तिला माहेर हवं आहे, असं ते समजले. सासरे गप्प आहेत म्हणजे आपण नकोशा झालो, असं ती समजली. मी शेडमध्ये छताकडे बघत सगळं ऐकत होतो.

निघायच्या दिवशी सुभद्राबाई निरोप घेऊन आली. मामाजी सोबत येणार, गाडी सोनाळ्याला तिच्याजवळच ठेवणार आणि एकटे एसटीनं परतणार. सत्यभामानं मान हलवली. तिची पेटी मागे ठेवली गेली आणि आम्ही निघालो. शेगाव गेलं, वरवट बकाल गेलं. दोघांपैकी कोणी हवेशीही बोललं नाही.

वरवट बकालच्या पुढे कापसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली. सत्यभामा बराच वेळ त्यांच्या मागे रांगत राहिली आणि मग त्यांना ओलांडायला उजवीकडे वळली. मागून एक ट्रक आधीच पुढे काढत होता. मी सरळ असतो तर तो मला दिसला असता, आणि माझ्यात तिला. भोंगा कानात शिरला. तिचे दोन्ही पाय एकदम ब्रेकवर पडले. गाडी हिसका देऊन बंद पडली, ट्रक दाराला घासून धूळ उडवत गेला. कडेला बसलेले नारायणराव पुढे फेकले गेले आणि त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टोपी पडली. तिचाही पदर घसरला होता.

ती वळली. “मामाजी, लागलं का?”

“म्हनावं” नाही, “सांगा” नाही. सरळ विचारलं. नारायणराव कपाळ चोळत तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली.

“हा आरसा काऊन वर केला?”

“तुमचं तोंड दिसते,” ती खाली बघत म्हणाली.

“कधीपासून?”

“आत्याबाईले दवाखान्यात नेलं, तवापासून.”

म्हणजे इतके दिवस ती मागचं न बघता त्यांना घेऊन फिरत होती. नारायणराव पुढे वाकले. त्यांनी मला छतावरून खाली ओढलं आणि नीट आपल्या चेहऱ्याकडे वळवलं.

“पाह्य मले,” ते म्हणाले. “पोरगं गेलं तवापासून कोनाले तोंड दाखवलं नाई मी. तू पाह्य.”

तिनं वर बघितलं. माझ्यात एका बाजूनं तिचे डोळे आले, दुसऱ्या बाजूनं त्यांचे. दोघंही रडत होती आणि या वेळी इंजिन बंद होतं. पुढच्या गाडीवाल्यांनी बैल थांबवले, हाका मारल्या, पण त्या दोघांना ऐकू गेलं नाही. सगळं जग माझ्यात मागे जातं. त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी माझ्यात येऊन थांबलं.

थोड्या वेळानं नारायणरावांनी विचारलं, “तुले सोनाळ्याले जायाचं हाय का?”

“नाई.” मग तिनंच धीर केला. “तुमाले धाडाचं हाय का?”

“नाई.”

“मंग आपन चाललो कुठं?” ती म्हणाली.

नारायणराव हसले की हुंदका दिला ते मला सांगता येणार नाही. तिनं पदर सारखा केला, मला किंचित वर उचलून मागचा रस्ता बघितला, गाड्या जाऊ दिल्या आणि मोटार वळवली.

केसरबाई रुसल्या आणि बरेच दिवस आल्या नाहीत. लोक बोलले, मग कंटाळले. घरात मात्र सगळं जुन्यासारखंच राहिलं. तिथं सुभद्राबाईच्या तोंडूनच निरोप चालत. बोलायचं ते गाडीत, माझ्यातून. म्हणून शेंगदाण्याचा भाव बघायला दोघं विनाकारण शेगावपर्यंत जात. लहानपणी दयाराम मिलमधली पेंड चोरून खाई, हे ते सांगत. त्याचे गुडघे फळीवर कसे आपटत, हे ती सांगे. पुढे पुढे नारायणराव सीटच्या डाव्या कोपऱ्यात टेकून बसू लागले, डुलकीही घेऊ लागले. मग ती माझ्यात बघून गाडी हळू करी. ते माझे सुखाचे दिवस. दोन माणसं माझ्याकडे बघत होती, आणि एकमेकांना बघायला त्यांना माझ्याशिवाय दुसरी जागा नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात नारायणराव गेले. घरात, बाजेवर, शांतपणे.

आता मिल सत्यभामाबाई बघतात. केसांत पांढरं डोकावू लागलंय. गाडी त्याच चालवतात, एकट्या. सीट पुढे ओढतात, उशी ठेवतात, आणि मग मला रस्त्याकडे न वळवता खाली झुकवतात, मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्याकडे. रोज. जिनिंगवरून जाताना त्या माझ्यात बघतात आणि अजूनही इंजिनाचा आवाज वाढवतात. त्यांचे डोळे माझ्यात येतात, पण मला शोधत येत नाहीत.

परवा शेगावच्या वाटेवर मागून ट्रकनं भोंगा दिला तेव्हा त्या दचकल्या. मीही दचकलो. पुन्हा एकदा मागचं कोणालाच दिसत नव्हतं.

सत्यभामाबाई, तुम्ही कोणाला बघता ते मला ठाऊक आहे. मीही त्यांनाच शोधतो. माझ्याइतकं त्यांच्या तोंडाकडे या जगात तुम्हीच बघितलं असेल. मला रस्त्याकडे वळवलंत तर तो कोपरा माझ्याही नजरेआड होईल, आणि त्यानंतर माझं कोणीच उरणार नाही. तरी सांगतो. तिथं कोणी नाही, बाई. मला थोडं वर करा. मागून गाडी येतेय.