मेलडीची पछेडी

कढईखाली बाभळीचं लाकूड सारताना पुरीचे डोळे धुरानं भरून आले, पण तिनं नजर कापडावरनं हलवली नाही. नुसती तुरटी लावलेली जागा आधी धड दिसत नाही. लाल पूड आणि धायटीची फुलं उकळायला लागली की मगच मेलडीमाता हळूहळू वर येते. आधी ओढणी, मग हात, मग तिच्या वाहनाची, बकऱ्याची झूल.

बकऱ्याच्या गळ्यात पाच घुंगरंही उमटली. काळी आखणी थोरल्या दिराची, वाघजीभाईची. तिच्यात घुंगरं नव्हती. ती पुरीनं आपल्या मनानं तुरटीनं भरली होती, पोटच्या हकूच्या वाळ्यात आहेत तेवढीच.

हकूला झटके यायचे. पोर डोळे फिरवून लाकडासारखं ताठ व्हायचं. पुरीनं नवस केला, झटके थांबले तर माझ्या हातानं रंगवलेली पछेडी, मातेच्या ठाण्यामागचा पडदा, चढवीन, तोवर जिभेला गोड लावणार नाही. चौदा महिने झाले. झटके थांबले होते, तरी पोर कुठं टक लावून बसलं की ती हातातलं काम टाकून धावायची.

साबरमतीच्या वाहत्या पाण्यात धुऊन, वाळवून तिनं कापड वाघजीभाईकडं दिलं. मातेचे डोळे शेवटी काढायचे, ते काम थोरल्याचं.

चैत्रातल्या अष्टमीला निंबाखाली, मातेच्या ठाण्यावर, तिच्या पुजाऱ्यानं, घुघाभुव्यानं पछेडी उलगडून दोरीवर टाकली. बायकांनी गाणं धरलं आणि पुरी गाता गाता कापडाजवळ गेली. बकऱ्याचा गळा मोकळा होता. तिनं कापडाचं टोक उलटं केलं. मागची बाजू पांढरीफटक. उकळलेला रंग आरपार जातो, हा वरवर छापलेला होता.

थोरल्या दिरापुढं बोलायची रीत नव्हती. घुंघट ओढून ती नवऱ्याजवळ सरकली.

"घुंगरं कुठं गेली?"

वालूनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. म्हणाला, "तुझी पछेडी शहरातल्या बाईला आवडली गं, भावानं विकली तिला. भिंतीला लावणार म्हणाली. भावाचा शब्द कसा मोडू?"

"म्हंजे तुला ठावं हुतं."

"गठुडं मीच बांधलं."

थोरल्याला तिनं एकवेळ माफ केलं असतं. पण झटक्यात हकूचे पाय धरून बसायचा तो हाच वालू.

भुव्यानं गुळाचा खडा पुढं केला. "उघड तोंड, पोरी. नवसातनं सुटलीस."

पुरीनं ओठ मिटून घेतले. जाऊबाई हसली, "चौदा महिन्यात चव इसरली जणू." बायकाही हसल्या. गूळ घेतला की सगळं गोडच होतं, घरही शाबूत राहत होतं. पण मातेनं आपला शब्द पाळला होता.

"बापा, गूळ ठेवा," ती म्हणाली, थोरल्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं. "माझी पछेडी अजून चढायचीय."

भुव्यानं कापड उलटलं. पांढऱ्या बाजूकडं बघितलं, मग वाघजीभाईकडं. गाणं थांबलं होतं. वाघजीभाई पागोटं सारखं करत राहिला.

दुसऱ्या दिवशी पुरीनं हिरड्याच्या पाण्यातनं काढलेलं कोरं कापड अंगणात अंथरलं. आखणी बायका करत नाहीत. वालू म्हणाला, "भावाला इचारतो, तो काढून देईल." तिनं बांबूची काडी काळ्या रंगात बुडवली आणि पहिल्यांदा बकराच काढला.

तो वाकडा आला. हकूनं वाळा वाजवत विचारलं, "हे कुत्रं हाय?"

"बकरा हाय," पुरी म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात पाच घुंगरं काढली. या वेळी तुरटीनं नाही, आखणीच्याच काळ्या रंगानं.