पाच हजारांतली अकुआ

माझ्या थोरल्या भावाला, न्यार्कोला, आमचं गाव शहर झालेलं बघायचं होतं. दुसरा नाद नाही त्याला. ना ताडीचा, ना बायकांचा. सरकारचा नियम असा की पाच हजार माणसं भरली की गावाला शहर म्हणायचं. एक जरी कमी पडलं तरी खेडंच. मागच्या शिरगणतीत आमचं ओन्यिनासे थोडक्यात राहिलं आणि ओढ्यापलीकडचं मेन्सिक्रोम शहर झालं. तेव्हापासून ह्या माणसाला अन्न गोड लागेना.

शहरांची उतरंड त्याला तोंडपाठ. वर राजधानी अक्रा आणि कुमासी, त्यांच्यात मोठं कोण यावर तो कुणाशीही भांडायला तयार. मग बाकीची महानगरं, मग नगरं, मग बारकी शहरं, आणि अगदी तळाला मेन्सिक्रोम. "तळाला का असेना, यादीत आहेत ना लेकाचे," तो म्हणायचा. "आपण कुठे आहोत? आपण 'इतर' मध्ये आहोत, पोकुआ. इतर." जसं काही मीच त्याला इतरमध्ये टाकलं होतं.

यंदाची शिरगणती रविवारच्या रात्रीची ठरली. त्या रात्री जो जिथे मुक्कामाला असेल, तो तिथे मोजायचा. मग काय विचारता. दवंडीवाल्याच्या हातातली लोखंडी घंटा काढून घेऊन हा सत्तरीचा माणूस स्वतः गल्लीगल्लीतून बडवत फिरला. कुमासीत दुकानं टाकलेले भाचे, खाणीकडे गेलेले पुतणे, सगळ्यांना फोन. "रविवारी इथेच झोपायचं. सोमवारी चालते व्हा, मी अडवत नाही." मेन्सिक्रोममध्ये त्याच शनिवारी एक मयत ठेवलं होतं. आपली माणसं मातीला जाऊन तिकडेच पथारी पसरतील आणि तिकडे मोजली जातील, म्हणून रविवारी दुपारी त्याने ट्रक पाठवून सगळ्यांना परत आणवलं. जेवण अर्धं टाकून उठवलं म्हणून बायका त्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. मी पण मोडली असती. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं.

माझं लक्ष आतल्या खोलीकडे होतं. बुधवारी माझी लेक तिवा बाळंत झाली होती.

आमच्याकडे बाळ आठव्या दिवशी माणसात येतं. त्या दिवशी पहाटे त्याला दाराबाहेर आणायचं, जिभेवर पाण्याचा थेंब आणि दारूचा थेंब ठेवायचा, नाव ठेवायचं. तोवर ते पाहुणं. आलंय, बघतंय, राहावंसं वाटलं तर राहील, नाही तर आल्या वाटेने जाईल. म्हणून तोवर नवीन कापड आणायचं नाही, कमरेला मणी बांधायचे नाहीत, फार कौतुक करायचं नाही. आणि गेलंच, तर रडायचं नाही. आईबापांनी पांढरं नेसायचं, शेंगदाण्याचं सूप प्यायचं आणि हसत्या तोंडाने बसायचं. रडलं तर तेच पुन्हा येतं आणि पुन्हा जातं, असं माझ्या आईने मला सांगितलं, मी तिवाला सांगितलं.

दोनदा सांगितलं. पहिलं तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं सहाव्या. दोन्ही वेळा मी माझ्या हाताने शेंगदाणे वाटले आणि वाडगा लेकीच्या हातात दिला. दोन्ही वेळा तिने तो संपवला. त्यानंतर आमच्या घरात कुणी शेंगदाण्याचं सूप करत नाही, आणि का करत नाही हेही कुणी विचारत नाही.

आता हे तिसरं. मुलगी. हातापायांच्या काड्या, दूध अंगी लागत नव्हतं. दवाखान्यातली नर्स रोज येऊन तोलून जायची आणि काही बोलायची नाही. मी तिला न्हाऊ घालायची, अंगाला लोणी चोळायची, जुन्या धडप्यात गुंडाळायची. तोंडाकडे बघत नव्हते. खरं सांगते, भीती वाटत होती. हात आपलं काम करत होते आणि डोळे मी भिंतीकडे ठेवले होते.

सोमवारी सकाळी मोजणीवाली आली. कुणी परकी नव्हती, शाळेतली कोनादू बाई. माझ्या हातचा मक्याचा केंके खाऊन मोठी झालेली पोर. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि तिच्या मागे न्यार्को. तो सकाळपासून तिच्या मागे घरोघर फिरत होता.

"आजोबा, तुम्ही बाहेर थांबा ना," कोनादू म्हणाली. "लोक तुम्हाला घाबरून शेजारच्यांचे कोंबडेसुद्धा सांगतायत."

"खरं ते सांगा एवढंच म्हणतो मी."

"मघाशी एकाने तुमच्या धाकाने मेलेली आजी सांगितली."

"ती गेल्या महिन्यापर्यंत होती," न्यार्को पुटपुटला आणि ओसरीच्या कडेला बसला.

मोजणीवाली येणार म्हणून नवं कापड नेसून मी बाकावर कसाव्याचे कंद सोलत होते. कोनादू माझ्या शेजारी टेकली. "मावशी, घरात कर्ती तुम्हीच ना? काल रात्री इथे कोण कोण होतं?"

"मी. आणि माझी लेक तिवा."

"जावई?"

"त्याच्या आईकडे. त्याला तिकडेच मोज, तिकडेही खायला लागतो तो."

"आणखी कोणी?"

"कोणी नाही."

नेमकी तेव्हाच ती आत रडली. रडणं कसलं, मांजराच्या पिल्लासारखा आवाज, पण सकाळच्या शांततेत ओसरीपर्यंत आला. कोनादूचं बोट टॅबवर थांबलं. ती याच गावची, तिला काय कळत नव्हतं का. तिने माझ्याकडे बघितलं नाही, टॅबकडेच बघत हळू म्हणाली, "मावशी, काल रात्री मुक्कामाला असलेलं लहान बाळसुद्धा लिहायचं असतं. आम्हाला बजावून सांगितलंय. आपल्याकडे लोक लपवतात म्हणून."

"बाळ नाही. पाहुणा आहे."

"पाहुणेही लिहितात."

"कोनादू, जास्त शहाणपणा करू नको."

मला वाटलं, आता न्यार्को माझ्या अंगावर धावून येईल. एकेका माणसासाठी ट्रक पाठवणारा माणूस. तो उठून आलाही, पण कोनादूपुढे उभा राहिला. "ते लिहू नको, पोरी," तो म्हणाला. "गुरुवारी ये. आठवा दिवस उलटू दे. मग लिही."

"आजोबा, एकाने अडलं तर?"

"अडू दे." त्याचा आवाज फाटला. "खेडं तर खेडं. इतरमध्ये राहू. तिचं नाव असं उघड्यावर घ्यायचं नाही. दोन गेलीत आमची. तुला काय सांगू."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दोन गेलेल्यांबद्दल तो एवढ्या वर्षांत एकदाही बोलला नव्हता. मला वाटायचं, ह्याला फक्त आकडे कळतात. आम्ही दोघं म्हातारी एकाच भीतीने वाळत होतो, आणि एकमेकांना सांगायचीसुद्धा चोरी.

कोनादूने मान हलवली. "ठीक आहे. गुरुवारी येते," म्हणाली आणि टॅब मिटायला लागली.

"आजच लिही."

तिवा दारात उभी होती. बाळंतिणीने दारात यायचं नसतं. छातीशी तो धडपा धरलेला, चौकटीला टेकली होती.

"आत जा आधी," मी ओरडले.

"आई, मला बोलू दे." ती माझ्याशी असं कधी बोलत नाही. "कोनादू, गुरुवारी तू येशील, आणि ही नसली, तर आई काय सांगेल तुला? सांगेल, दोघीच होतो. मामाही तेच सांगेल. मलाही तेच सांगावं लागेल. आधीची दोन तशीच गेली. कुणी विचारलं नाही, कुणी लिहिलं नाही. मी दोघांना अंगावर पाजलं ग. मुलगा होता पहिला, माझा अंगठा धरून ठेवायचा. कुठे आहे तो? कुठल्या कागदात आहे?" तिने बाळाला जरा वर घेतलं. "ही काल रात्री इथे होती. माझ्या कुशीत होती. उद्याचं मला माहीत नाही. काल होती ना? मग लिही."

न्यार्कोने तोंड फिरवलं. कोनादूने टॅब उघडला, पण बोट फिरवलं नाही. घरातली कर्ती मी होते. सांगायचं मी होतं.

"नाव अजून नसेल," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "वाराचं लिहू?"

वाराचं नाव कुणी ठेवावं लागत नाही, ते वारच घेऊन येतो. बुधवारची मुलगी अकुआ. पण सहा दिवस मी तेही उच्चारलं नव्हतं.

"अकुआ," मी म्हणाले.

"वय शून्य लिहितात वर्षाच्या आत." तिने लिहिलं. "आणि तुमची कोण?"

सुरी माझ्या हातातून परातीत पडली. काय सोपा प्रश्न होता. मी उठले, दारापाशी गेले, धडप्याचं टोक बाजूला केलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. कपाळ न्यार्कोचं होतं. पुढे आलेलं, हट्टी. डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडेच बघत होती, जसं काही कधीपासून वाट बघून कंटाळली होती.

"नात," मी म्हणाले. "माझी नात आहे. लिही."

मग मला रडू फुटलं. भर सकाळी, उघड्या दारात, चारचौघांत. तिवाने एका हाताने मला धरलं. आधीच्या दोन्ही वेळचं सगळं तेव्हाच आलं, माझंही आणि तिचंही. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मला कळलं की दोन्ही वेळा मी तिच्या हातात वाडगा दिला होता, जवळ घेतलं नव्हतं.

कोनादूने दारावर खडूने खूण केली, डोळे पुसले आणि पुढच्या घराकडे गेली. न्यार्को मात्र तिच्या मागे गेला नाही. तो आमच्यापासून दोन हात लांब उभा होता.

"तुम्ही दोघींनी काय केलंत हे," तो म्हणाला. "मोजलीत तिला. उद्या काही झालं तर?"

मी तिवाच्या हातातून अकुआला घेतलं. माझ्या नव्या कापडाच्या पदराखाली घेतलं, कारण सकाळची हवा गार होती.

"झालं तर रडू, दादा," मी म्हणाले. "मेन्सिक्रोमपर्यंत ऐकू जाईल असं रडू. तूसुद्धा."