दोन खुर्च्यांतला येडा कोण?

डोंबिवली तेव्हा अशी नव्हती. स्टेशनाबाहेर पडलं की भाताची शेतं, मधेमधे नव्या चाळी, आणि चाळींत सगळी हापिसात जाणारी मंडळी. हापिसात जायचं तर दाढी गुळगुळीत लागते. म्हणून मी ठाण्याची नोकरी सोडून इथे सलून टाकलं. दोन खुर्च्या. एक माझी, एक विश्रामची.

आता हा विश्राम कुठला, तर ठाण्याच्या वेड्यांच्या हॉस्पिटलातला. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या सलूनात कामाला असताना दर रविवारी मी तिथल्या लोकांची हजामत करायला जायचो. हा मला साबणाचा फेस करून द्यायचा. असला फेस, की ब्रश त्यात उभा राहील! मी बोललो, "अरे, तू तर आपल्या धंद्यातला दिसतोस." होताच. कल्याणला दुकान होतं त्याचं. बायको वारली आणि हा बोलायचाच बंद झाला. मग आरशातून कोणीतरी बघतंय म्हणून एका सकाळी दुकानातले सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवले. गिऱ्हाइकं पळाली.

मी बघितला तेव्हा तो पुष्कळ बरा झालेला. डॉक्टर पण बोलायचे, याला घरी न्या. पण नेणार कोण? बहीण आवडाबाई कल्याणला, तिचा जीव तुटायचा. तिचा नवरा मात्र बोलला, "कामाला टिकला तर माझ्या घरात. नाय टिकला तर परत तिकडे."

"मी ठेवतो कामाला," मी बोललो. "पण विश्राम, डोकं गढूळ झालं की मला सांगायचं. लपवायचं नाय."

"सांगेन दादा."

"वस्तरा धरशील?"

"धरीन की." मग खाली बघून बोलला, "पण माझ्या हातात मान कोण देईल?"

मी जाऊन दोन खुर्च्या विकत घेतल्या.

जागा गोपीनाथशेठची. जुने डोंबिवलीकर, शेतीवाले. त्यांच्यापासून मी काय लपवलं नाय. "शेठ, दोघांतला एक हॉस्पिटलातून आलाय. आता ठीक आहे."

"आमाला काय त्याचा? काम करतो ना? मंग झाला!"

माणूस दिलदार. पण पोटात काय राहील तर शपथ. दुकान उघडायच्या आधी सगळ्या चाळींत खबर, की नव्या सलूनमध्ये दोघांतला एक येडा आहे, जपून बसा. त्यातला कोणता, ते शेठ बोलले नाहीत आणि लोकांनी विचारलं पण नाय.

पहिलं गिऱ्हाईक आलं. दारात उभं राहून मला बघितलं, विश्रामला बघितलं, आणि सरळ जाऊन विश्रामच्या खुर्चीत बसलं. दुसरं आलं, ते बाकड्यावर.

"या की साहेब, ही खुर्ची रिकामी आहे!" मी हाक मारली.

"नको नको. मला घाई नाहीये."

घाई नाहीये बोलला, आणि डोळ्यांदेखत आठची गाडी सोडली.

मग रोज तेच. विश्रामकडे रांग, आणि मी माश्या मारतोय. विश्रामसाठी बरं वाटायचं, पण माझ्या हाताचं काय चुकतंय ते कळेना. मी आणखी मोठ्याने हाका मारायला लागलो. चामड्यावर वस्तरा फटाफट घासून दाखवला. "बघा धार! मान गेली तरी कळायचं नाय!" बाकड्यावरची माणसं भिंतीला चिकटली.

इकडे विश्राम खुलत चाललेला. सुरवातीला डोकं गढूळ व्हायला लागलं की माझ्याकडे बघायचा. मी बोलायचो, "जा, चहा पिऊन ये." तो ओट्यावर टेकायचा, जीव शांत झाला की परत यायचा. पुढे पुढे गिऱ्हाइकांशी गप्पा पण मारायला लागला. रात्री जेवताना हसतो, असं आवडाबाई सांगायची.

एका सकाळी आनंदराव ओक आलेले. मोठ्या हापिसात हेडक्लार्क, विश्रामचं नेमाचं गिऱ्हाईक. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला फेस. मी कोपऱ्यात गरम पाण्यासाठी स्टो पेटवत होतो, आणि तो मेला पेटत नव्हता. "पेट की रे मुडद्या! काय घोडं मारलंय मी तुझं?"

आनंदराव हळूच विश्रामला बोलले, "तुमचं फार कौतुक वाटतं हो. अशा माणसाला कामाला ठेवायचं म्हणजे सोपं नाही."

"कशा माणसाला?"

आनंदरावांनी आरशातून माझ्याकडे डोळा वळवला. "स्वतःशीच किती बोलतात! हॉस्पिटलात असताना याहून जास्त होतं का?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी आरशातूनच विश्रामला खूण केली, गप ऱ्हा. माझं काय जातंय? राहतो मी येडा. हे गिऱ्हाईक पळालं तर बाकीचे पळतील, आणि हा परत ठाण्याला जाईल.

विश्रामने खूण बघितली. वस्तरा मिटून फळीवर ठेवला.

"साहेब, हॉस्पिटलात मी होतो. भिवादादांनी मला आणला."

बाकड्यावरचे दोघे उभेच राहिले. त्यातला एक छत्री उचलून चालता झाला. आनंदरावांनी फळीवरच्या वस्तऱ्याकडे बघितलं, विश्रामकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे हे... हे असेच आहेत?"

"जन्मापासून," विश्राम बोलला.

"काय रे!" मी ओरडलो, आणि हातातली काडेपेटी पडली.

आनंदराव असे हसले, की फेस आरशावर उडाला. हसू आवरेना. मग परत मान मागे टेकली. "अहो, इतके दिवस तुमच्याकडे दाढी करतोय, एक ओरखडा नाही. उचला तो वस्तरा. असा अर्धवट गेलो तर हापिसातले मलाच ठाण्याला पोचवतील!"

विश्रामने वस्तरा उघडला. एकदा माझ्याकडे बघितलं. आनंदराव डोळे मिटून बसून राहिले. मग त्याने दाढी पुरी केली.

उभा राहिलेला दुसरा खाली बसला. छत्रीवाला काय परत आला नाय. आता दाढी ठेवलीय म्हणतात. बाकीचे येत राहिले, आणि माझ्याकडे कोणी फिरकेना तेव्हा विश्रामच त्यांना बोलायला लागला, "तिकडे बसा साहेब. ते नुसते ओरडतात."

दिवाळीच्या गर्दीत आवडाबाईचा नवरा आला. दारातूनच विचारलं, "काय भिवा, टिकला का आमचा माणूस?"

"त्यालाच विचार," मी बोललो. "मी सध्या त्याच्या वशिल्यावर टिकलोय."

विश्रामने मान वर न करता बाकड्याकडे बोट दाखवलं. "भावजी, नंबर लावा."