शिरेतला फुगा

गांधीबागेतल्या दुकानात गिऱ्हाइकासमोर लुगडं उलगडताना जागेश्वर परात्यांच्या उजव्या हातातून पदर गळून पडला. ते काहीतरी बोलले, पण त्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही. थोड्या वेळानं हात हलू लागला, बोलणंही आलं. महिनाभरात पुन्हा तसंच झालं, तेव्हा बायकोनं, पुष्पलतानं, त्यांना दवाखान्यात नेलं.

साल १९८८. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरांनी मेंदूच्या शिरांची एक्स-रे फिल्म उजेडापुढे धरली. मेंदूची मोठी शीर एका जागी सुतासारखी बारीक झाली होती.

"ही बंद पडली तर अर्धांगवायू. गोळ्यांनी आधी बघू," डॉक्टर म्हणाले.

गोळ्या सुरू असतानाच तिसरा झटका आला. मग डॉक्टरांनी दुसरा उपाय सांगितला. जांघेतून बारीक नळी वर न्यायची आणि टोकाचा फुगा फुगवून शीर रुंद करायची.

"आतापर्यंत कितीकाचं केलं, डाक्टरसाहेब?" पुष्पलतानं विचारलं.

"हृदयाचं बऱ्याच जणांचं. मेंदूतलं एकाचंही नाही."

पुष्पलतानं नवऱ्याकडे पाहिलं.

"करा," जागेश्वर म्हणाले. "बोलनं गेल्यावर कसं लागते, थे मले ठाऊक आहे."

पुष्पलतानं संमतीच्या कागदावर अंगठा दिला. नळी घालताना त्यांना जागंच ठेवायचं होतं. डॉक्टरांनी तिला काचेमागे माइकपाशी बसवलं. "बोलत राहा त्यांच्याशी. काही बिघडलं तर ते आधी बोलण्यातच कळेल."

"आपल्या जयाच्या लग्नात कोनाले बोलवाचं?" तिनं विचारलं.

"तुह्या मावशीले सोडून सगळ्याईले."

तशातही तिला हसू आलं. "अन् रुपराव भाऊजीले?"

आत डॉक्टर फुगा फुगवत होते. उत्तर आलं नाही.

"अवो, रुपराव भाऊजीले?"

"बा... बा..." त्यांचा ओठ वाकडा झाला. उजवा हात टेबलावरून खाली लोंबकळला.

"डाक्टर! बोलून नाही राहिले थे!"

डॉक्टरांनी झटक्यात फुगा रिकामा केला. जागेश्वरांचा हात तसाच लोंबकळत राहिला. अंगठा आपणच दिला, आपणच मारलं यांना, एवढंच तिच्या मनात आलं. ती काचेवर दोन्ही हातांनी थापा मारू लागली.

"वरडून... काहून राहिली वं?" स्पीकरमधून त्यांचा आवाज आला.

डॉक्टरांनी फुगा आणखी एकदा, अगदी जपून फुगवला. शीर पुरती नाही, पण बरीच उघडली. बाहेर येऊन ते म्हणाले, "बाई, मीसुद्धा घाबरलो होतो."

वॉर्डात जागेश्वरांचा डोळा लागला की ती त्यांना हलवून उठवायची. "बोला ना काहीतरी."

"झोपू देशीन का मले?" शेवटी ते खेकसले.

तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. झटका त्यानंतर आला नाही. पण ते जरा गप्प बसले की पुढं कित्येक वर्षं तिच्या छातीत धस्स व्हायचं.